राउटर बदलण्याआधी भिंत बघा

आमच्या माळ्यावर एका खोक्यात चार राउटर पडून आहेत. पहिला टेलिफोनच्या तारेच्या काळातला, त्याचं आता काही होणार नाही. दुसरा मावसभावाने अमेरिकेहून येताना 'तिकडे स्वस्तात मिळाला' म्हणून आणलेला. तो इथे चालूच शकत नाही, का ते पुढे येईल. तिसरा आणि चौथा मात्र मी स्वतः, अगदी अभ्यास केल्याच्या थाटात, विकत घेतले. दोन्ही वेळा तक्रार नेट रखडतंय हीच होती आणि दोन्ही वेळा दोष डब्याचा नव्हता. एकदा तो लोखंडी कपाटाचा निघाला, एकदा जुन्या केबलचा.

नव्या घरात पहिल्यांदा जोडणी घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. डोंबिवलीचा आमचा फ्लॅट आणि चिपळूणजवळचं आईबाबांचं जांभ्याचं घर, या दोन ठिकाणी जे केलं, बिघडवलं आणि पुन्हा सरळ केलं, ते क्रमाने सांगतो.

१. घरात येतंय काय, ते आधी ओळखा

दुकानात जाऊन 'वाय-फायचा मॉडेम द्या' म्हटलं की दुकानदार हाताशी असेल तो डबा पुढे करतो. त्यामुळे एवढा फरक माहीत हवा: बाहेरच्या तारेतून आलेला सिग्नल आपल्या यंत्रांना समजेल असा करतो तो मॉडेम, आणि तो घरातल्या सगळ्यांना वाटून देतो तो राउटर. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने इंटरनेट खुलं केलं तेव्हा घरात नुसता मॉडेम असायचा. तो फोनच्या लाइनीवर किंचाळत जोडला जायचा आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद. पुढे बीएसएनएलच्या ब्रॉडबँडच्या दिवसांत दोन्ही कामं एकाच डब्यात आली आणि 'मॉडेम राउटर' हे जोडनाव आपल्या तोंडात बसलं ते आजही सुटलेलं नाही.

आता आपल्याकडे नेट घरात येतं ते बहुधा तीन वाटांनी.

फायबर असेल तर बारीक काचेचा धागा असलेली वायर येते आणि तिच्या टोकाला बहुतेक ठिकाणी हिरवा प्लास्टिकचा कनेक्टर असतो. ती ज्या डब्यात शिरते त्याला ओएनटी म्हणतात; लाइनमन त्यालाच ओएनयू म्हणेल. हाच तुमचा मॉडेम, आणि हल्ली त्यातच राउटरही असतो. तो कंपनीच देते, कारण त्याचा क्रमांक कंपनीच्या यंत्रणेत नोंदवल्याशिवाय तो चालत नाही.

स्थानिक केबलवाल्याकडून जोडणी घेतली तर अनेकदा फायबर इमारतीच्या गच्चीवरच्या पेटीपर्यंतच असतं आणि तिथून लॅन केबल खिडकीतून घरात येते. इथे मॉडेम लागतच नाही. साधा राउटर पुरतो आणि तो तुम्ही तुमच्या पसंतीने घेऊ शकता.

तिसरी वाट हवेतून. जिओचं एअरफायबर १९ सप्टेंबर २०२३ला, गणेश चतुर्थीला, मुंबई-पुण्यासह आठ शहरांत सुरू झालं. एअरटेलचं त्याच्या आदल्या महिन्यात. यात फाइव्ह-जी सिग्नल पकडणारा डबा सहसा गच्चीवर किंवा खिडकीबाहेर बसतो आणि आत राउटर. जिथे वायर पोचत नाही तिथे हे उत्तम. वायर पोचत असेल तर मी फायबरच घेईन.

आता मावसभावाचा डबा. अमेरिकेत बऱ्याच घरांत टीव्हीच्या जाड केबलमधून नेट येतं आणि त्याचा मॉडेम वेगळ्या जातीचा असतो. आपल्या फायबरला तो लावायला जागाच नाही. नुसता राउटर आणला असता तर चालला असता, कारण त्यांचे अ‍ॅडॅप्टर बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालतात; फक्त पिनेला कन्व्हर्टर लागतो. तशीच फसगत ऑनलाइन स्वस्तातल्या 'एडीएसएल मॉडेम राउटर'ची, म्हणजे फोनच्या तारेवरून नेट घेणाऱ्या डब्याची. त्याला फोनची बारीक पिन बसते. त्यातले काही नुसते राउटर म्हणूनही चालवता येतात, पण त्या खटपटीत नवख्याने पडू नये.

२. जोडणी घेताना: कागद आणि प्रश्न

कागद फार लागत नाहीत: आधार कार्ड, एखादा फोटो आणि ओटीपी येईल असा मोबाइल हाताशी. आधारवरचा पत्ता वेगळा असेल तर वीजबिल, आणि भाड्याने राहत असाल तर भाडेकरार. भाडेकरूंनी घरमालकाला आधी विचारावं, कारण भिंतीला भोक पडणार आहे. सोसायटीत आणखी एक पायरी असते: डक्टमधून वायर न्यायला सेक्रेटरीची परवानगी. आमच्याकडे दोन कंपन्यांनाच परवानगी होती आणि हे मला पैसे भरून झाल्यावर कळलं.

पैसे भरण्याआधी फोनवर हे विचारून घ्या. जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा आहे का? डबा तुमचा की आमचा, त्याची अनामत किती आणि परत कधी? अपलोडचा वेग डाउनलोडएवढाच मिळेल का? घरून काम करणाऱ्यांना व्हिडिओ कॉलसाठी अपलोड लागतं आणि सेल्समन त्याबद्दल स्वतःहून कधीच बोलत नाही. 'अनलिमिटेड' म्हणजे किती, हेही विचारा. बऱ्याच फायबर योजनांत महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. सामान्य घराला ती पुरून उरते, पण मर्यादा ओलांडल्यावर वेग कितीवर येतो ते माहीत असावं.

मिळणारा डबा ड्युअल बँड आहे का, हा शेवटचा प्रश्न. म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, दोन्ही. 'सिंगल बँड देतो, चांगलाच आहे' असं उत्तर आलं तर तिथेच अडून बसा.

३. तंत्रज्ञ येईल तो अर्धा तास

या दिवशी घरात असा. माझ्या वेळी मी ऑफिसात होतो, बायको मीटिंगमध्ये, आणि त्या दादांनी जिथे वायर आत आली तिथेच, म्हणजे दारामागे चपलांच्या रॅकवर, डबा ठोकून दिला. त्यांचंही चूक नाही. त्यांना दिवसात पाच-सात घरं उरकायची असतात.

डबा कुठे हवा ती जागा आदल्या दिवशी ठरवून तिथे प्लगपॉइंट आहे ना ते बघा. वायर पुरत नसेल तर 'दादा, पाच-सहा मीटर जास्तीची सोडा' म्हणून सांगा. जास्तीची वायर गुंडाळताना वेटोळं बांगडीपेक्षा लहान होऊ देऊ नका. आत काच आहे, फार वाकवली तर प्रकाश गळतो. कोपऱ्यात खिळा मारून करकचून वळवलेली वायर सहा महिन्यांनी त्रास देते आणि तेव्हा कुणालाच कारण आठवत नाही.

मग त्यांना 'पॉवर किती येतेय?', म्हणजे वायरीतून प्रकाश किती जोरात येतोय, असं विचारा. त्यांच्याकडे मीटर असतो, किंवा डब्याच्या सेटिंगमध्ये तो आकडा दिसतो. आकडा उणे असतो. उणे १५ ते उणे २५च्या आत असेल तर उत्तम. उणे २७च्या आसपास असेल तर आज नेट चालेल आणि पावसाळ्यात रुसेल. तेव्हा सांधा पुन्हा करून घ्या. हा एक प्रश्न विचारला की समोरचा माणूस तुमच्याशी जरा वेगळ्या सुरात बोलायला लागतो, हा वरचा फायदा.

जाण्याआधी डब्याच्या तळाच्या स्टिकरचा आणि चालू दिव्यांचा फोटो काढा. जोडणीला यूजरनेम-पासवर्ड लागत असेल तर तो लिहून घ्या. वाय-फायचा नव्हे, कंपनीकडे लॉगिन होण्याचा. याची किंमत सातव्या पायरीत कळेल.

४. डबा ठेवायचा कुठे

इथे मात्र थांबून वाचा, कारण माझे एका राउटरचे पैसे इथेच बुडाले.

वाय-फायला भिंत आवडत नाही, पण सगळ्या भिंती सारख्या नसतात. प्लायवूडचं पार्टिशन त्याला जाणवतही नाही. चार इंची विटेची भिंत थोडं खाते. आरसीसीचा कॉलम आणि बीम बरंच खातात, कारण आत सळया आहेत. गावच्या घरातली जांभ्या चिऱ्याची जाड भिंत तर इतकं खाते की ओटीवर फुल्ल दिसणारा सिग्नल माजघर ओलांडून स्वयंपाकघरात जाईपर्यंत एका काडीवर येतो. आणि धातू तर पुढे जाऊच देत नाही. लोखंडी कपाट, फ्रिज, ड्रेसिंग टेबलचा मोठा आरसा, सगळे तसलेच. भरलेली पाण्याची टाकीही. आमचा राउटर हॉलमध्ये जिथे होता तिथून बेडरूमकडे रेघ ओढली तर ती बरोबर लग्नातल्या लोखंडी कपाटातून जात होती. मी नवा 'जास्त रेंजचा' राउटर आणला, त्याच जागी ठेवला. काही फरक नाही. वर्षभराने रंगकामासाठी कपाट दुसऱ्या भिंतीला सरकवलं आणि बेडरूममध्ये नेट धो धो.

दोन बँडचा स्वभावही समजून घ्या. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंती बऱ्यापैकी ओलांडतो, पण हळू आहे आणि इमारतीतल्या सगळ्यांचा त्यावर गोंगाट असतो. शिवाय मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. चहा गरम करायला ठेवला की कॉल अडखळतो तो त्यामुळे. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आणि मोकळा, पण दोन भिंतींत दम सोडतो. त्यामुळे टीव्ही आणि लॅपटॉप ५वर, लांबचा कॅमेरा २.४वर, अशी वाटणी ठीक पडते.

जागा शोधायची पद्धत सोपी आहे. घराच्या मध्याजवळ, पाच-सहा फूट उंचीवर, उघड्यावर. टीव्हीच्या मागे नको, टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात तर नकोच, आणि देवघराच्या बाजूला 'तिथे प्लग आहे' म्हणून तर अजिबात नको. समईच्या तेलाचा थर बसलेला राउटर मी पाहिलाय. एक्स्टेन्शन बोर्डवर डबा तात्पुरता ठेवून अर्धा तास घरभर मोबाइल घेऊन फिरा, जिथे काम करता तिथे बसून बघा. जमलं तरच भिंतीत स्क्रू मारा.

अँटेना सगळ्या एका दिशेला झोपवू नका. मेदूवड्याच्या भोकातून काडी घातली आहे असं समजा. काडी म्हणजे अँटेना आणि वडा म्हणजे तिचा सिग्नल, तो आजूबाजूला पसरतो, टोकाच्या दिशेला नाही. म्हणून एकमजली घरात अँटेना उभ्या ठेवा. वरच्या मजल्यावरही हवं असेल तर एखादी आडवी करा.

५. आधी मोजा, मग पैसे काढा

एक लॅन केबल आणि एक लॅपटॉप मिळवा. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर शेजाऱ्याचा आणा. तीन ठिकाणी वेग मोजायचा: थेट केबल लावून, मग डब्याशेजारी उभं राहून वाय-फायवर, आणि मग त्रास होतो त्या खोलीत.

केबलवरच वेग कमी असेल तर दोष बहुधा कंपनीच्या बाजूला. राउटर घेऊन काही होणार नाही. केबलवर पूर्ण आणि डब्याशेजारीही पूर्ण, पण बेडरूममध्ये रडगाणं, तर भिंत. केबलवर पूर्ण आणि डब्याशेजारीच कमी, तर मात्र डबा म्हातारा झालाय किंवा फोन २.४वर अडकलाय.

एक खूण लक्षात ठेवा. केबलवर कितीही वेळा मोजलं तरी ९४-९५च्या पुढे जातच नसेल, तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटची, अडचण आहे. माझी योजना २००ची होती. दोन आठवडे मी कस्टमर केअरशी भांडलो. शेवटी लाइनमन काकांनी माझी जुनी लॅन केबल उपटून हातात दिली. आत आठ तारा असायला हव्यात, त्या केबलमध्ये चारच जोडलेल्या. चार तारांवर शंभरच मिळतात. दीडशे रुपयांची कॅट-सिक्स केबल लावली आणि भांडण मिटलं. तोवर मी चौथा राउटर मागवून बसलो होतो.

आणि डाउनलोड होताना दिसणारा आकडा बघून घाबरू नका. कंपनी मेगाबिटमध्ये बोलते, संगणक मेगाबाइटमध्ये दाखवतो. आठाने भागा. १००च्या योजनेत सेकंदाला १२च्या आतबाहेर एमबी उतरत असतील तर ते बरोबर आहे.

६. घ्यायचाच ठरला तर

खोक्यावर 'एसी १२००' लिहिलेलं असतं. याचा अर्थ १२०० मिळतात असा नाही. ३०० एका बँडचे आणि ८६७ दुसऱ्याचे कागदावरचे आकडे एकत्र करून वर गोल केलेत. प्रत्यक्षात त्याच्या निम्मं मिळालं तरी खूश व्हा.

याहून वाईट युक्ती मागच्या बाजूला असते. समोर १२०० आणि मागची पोर्ट, म्हणजे केबल लावायची भोकं, १०० एमबीपीएसची! स्वस्त मॉडेल्समध्ये हे सर्रास आहे. योजना १००च्या वरची असेल तर खोक्यावर 'गिगाबिट पोर्ट' शब्द शोधा. नुसतं 'फास्ट इथरनेट' म्हणजे शंभरच.

वाय-फाय ४, ५, ६ ही नावं २०१८मध्ये आली, त्याआधी नुसती एन, एसी, एएक्स अशी अक्षरं होती. आज नवा घेताना ६ घ्या. घरात पंधरा-वीस यंत्रं असली तरी तो ती नीट सांभाळतो. ७वर जास्तीचे पैसे घालायला तुमचे फोनही ७चे हवेत आणि लाइनही तेवढी हवी. ५०च्या योजनेवर ७चा राउटर म्हणजे बैलगाडीला विमानाची चाकं. अँटेना किती, यावर किंमत ठरवू नका. आठ अँटेनांचा एक डबा माझ्या त्याच खोक्यात आहे.

घर मोठं असेल तर पर्याय तीन. रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे सोडणारा डबा, सगळ्यात स्वस्त, पण एकाच बँडवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. मेश, म्हणजे एकमेकांशी बोलत घरभर एकच नेटवर्क चालवणारे दोन-तीन डबे, महाग पण नीट. आणि तिसरा म्हणजे भिंतीच्या कडेने लॅन केबल ओढून पलीकडे दुसरा राउटर. कोकणातल्या घरी मी तिसरं केलं. जांभ्याला भोक पाडायला गवंड्याला बोलवावं लागलं, पण ते एकदाच.

७. रीस्टार्ट आणि रीसेट यांत घोळ घालू नका

नेट अडकलं की डबा बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं म्हणजे रीस्टार्ट. याने नुकसान काही नाही. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबणं म्हणजे रीसेट, आणि याने डब्याची पाटी कोरी होते. वाय-फायचं नाव-पासवर्ड जातो ते सोडा, कंपनीकडे लॉगिन व्हायची माहितीही जाते. काही डबे ती कंपनीकडून पुन्हा आपोआप घेतात, काही घेत नाहीत. माझ्या वडिलांनी कुठल्यातरी व्हिडिओत बघून शनिवारी संध्याकाळी टाचणी घातली. सोमवारी दुपारपर्यंत घरात नेट नव्हतं. तिसऱ्या पायरीत यूजरनेम-पासवर्ड लिहून घ्या म्हटलं ते यासाठी.

८. पहिल्या संध्याकाळची सेटिंग

ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता टाका. तो तळाच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. आकडे अर्थात इंग्रजीत टाइप करा. तिथला मूळचा 'अ‍ॅडमिन' पासवर्ड पहिल्यांदा बदला. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

वाय-फायच्या नावात फ्लॅट नंबर किंवा आडनाव घालू नका. सुरक्षेत डब्ल्यूपीए-थ्री असेल तर तो, नाहीतर डब्ल्यूपीए-टू. जुना टीव्ही थ्रीला जोडला जात नसेल तर दोन्हींचा मिश्र पर्याय असतो. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटणाने किंवा पिनेने झटकन जोडून घ्यायची सोय, बंद करा. त्याच्या आठ आकडी पिनेची कच्ची बाजू २०११मध्येच उघड झालीय. बाहेरून डबा चालवायची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, बंद. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करा. गणपतीत घरात वीस माणसं येतात आणि प्रत्येक जण आल्या आल्या पासवर्ड विचारतो. फोनवरून क्यूआर कोड काढून फ्रिजवर चिकटवला की प्रश्न मिटतो.

२.४चं चॅनल 'ऑटो'वर असतं. इमारतीत गर्दी असेल तर १, ६ किंवा ११ यांपैकी जे रिकामं असेल ते हाताने निवडा. हीच तीन एकमेकांवर चढत नाहीत. 'मधलं म्हणून ३ घेतो' असं केलं तर दोन्ही बाजूंचा गोंगाट ऐकावा लागतो. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा.

स्मार्ट बल्ब, कॅमेरा, प्रिंटर यांतले बरेच फक्त २.४ ओळखतात. दोन्ही बँडना एकच नाव असेल आणि बल्ब काही केल्या जोडला जात नसेल, तर ५ गिगाहर्ट्झ दहा मिनिटं बंद करा, बल्ब जोडा, पुन्हा चालू करा.

गावच्या घरावर कॅमेरा लावून मुंबईतून बघणाऱ्यांसाठी: 'पोर्ट फॉरवर्डिंग', म्हणजे बाहेरून घरातल्या यंत्रापर्यंत वाट काढणं, शिकवणारे व्हिडिओ बघून रात्र घालवण्याआधी राउटरच्या स्टेटस पानावर बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ने सुरू होत असेल तर कंपनीने एकच पत्ता अनेक घरांत वाटलाय आणि ते फॉरवर्डिंग चालणार नाही. एक तर कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता, घ्या, नाहीतर स्वतःच्या अ‍ॅपवरून चालणारा कॅमेरा घ्या.

९. जुना राउटर दुसऱ्या खोलीत

चांगल्या अवस्थेतला जुना राउटर फेकू नका. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा पत्ता बदला, समजा मुख्याचा १९२.१६८.१.१ असेल तर याचा १९२.१६८.१.२. मग त्यातलं डीएचसीपी, म्हणजे घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायची सोय, बंद करा आणि मुख्य डब्याची केबल त्याच्या 'वॅन'मध्ये, म्हणजे बाहेरून नेट घ्यायच्या भोकात, न लावता साध्या 'लॅन' पोर्टमध्ये लावा. डीएचसीपी बंद करायला विसरलात तर घरात दोघे जण पत्ते वाटत बसतात आणि कुणाचा फोन चालेल कुणाचा नाही याला काही नियम राहत नाही. नव्या डब्यांत 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असं बटणच असतं. ते असेल तर हा खटाटोप नको.

१०. वीज, पाऊस, माकडं

वीज गेली की राउटर बंद, हे शहरात महिन्यातून एकदा आणि गावात आठवड्यातून चारदा. मिनी यूपीएस, म्हणजे राउटरपुरती छोटी बॅटरी, घ्या. घेताना अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट बघा, बहुधा १२. अँपिअर लिहिलेत तेवढे किंवा जास्त चालतात, व्होल्ट मात्र तेच हवेत. खोक्यावर १०,००० एमएएच लिहिलं असेल तर ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं मोजमाप असतं, म्हणजे ३७ वॉट-तास. डबा आठ वॉट खात असेल तर घट धरून तीन-चार तास. ओएनटी आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही वीज हवी आणि वेळ निम्मी. एकाला यूपीएस लावून दुसरा विसरणारे खूप आहेत, मी त्यातला.

फायबरच्या वाटेत खांबावरच्या स्प्लिटरला वीज लागत नाही, म्हणून पलीकडच्या टोकाला बॅटरी असेल तर यूपीएस असलेल्या घरात नेट टिकतं. गच्चीवरून लॅन केबल येत असेल तर गच्चीवरची पेटी इमारतीच्याच विजेवर असते. ती बंद पडली की तुमचा यूपीएस शोभेला. घेण्याआधी केबलवाल्याला विचारा.

विजांच्या पावसात गच्चीवरून येणारी तांब्याची लॅन केबल काढून ठेवा, तिच्यातून झटका येऊन पोर्ट जळतात. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण डब्याच्या प्लगमधून येतेच. आईला सांगून ठेवलंय: ढग गडगडले की आधी टीव्हीचा आणि मग नेटचा प्लग काढायचा.

बाहेरच्या वायरीचे शत्रू वेगळेच. कोकणात माकडं तिच्यावर झोके घेतात, उंदीर ती कुरतडतात, आणि शहरात दिवाळीआधी रंगारी ती कापतो. वायर घराच्या भिंतीवरून जिथे उतरते तिथे प्लास्टिकची पट्टी किंवा पाइप घालून घ्या.

११. नेट गेलं तर

आधी दिवे बघा. 'एलओएस' लाल लुकलुकत असेल तर प्रकाश येतच नाही, वायर तुटलीय किंवा टोक निघालंय. रीस्टार्ट करत बसू नका, सरळ तक्रार करा. 'पॉन' हा फायबरच्या जोडणीचा दिवा हिरवा स्थिर असून नेट नसेल तर रीस्टार्ट करा. दहा मिनिटांत जमलं नाही तर तक्रार. टोकाचा हिरवा कनेक्टर काढून त्याच्यावर फुंकर मारू नका आणि डोळ्यासमोर तर अजिबात धरू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण असतो.

तक्रार लाइनमन काकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जरूर टाका, काम त्यांच्याकडूनच होतं. पण कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा कस्टमर केअरलाही नोंदवा आणि क्रमांक घ्या. तक्रार सुटली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, ही ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१२च्या नियमांतली सोय आहे आणि तिथे तो क्रमांक मागतात. त्यापुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

१२. घर बदलताना

जोडणी बंद करा म्हणून लेखी कळवा. नुसतं रिचार्ज न करणं पुरत नाही, कारण डबा कंपनीचा असतो. तो परत द्यायच्या आधी मात्र टाचणी घालून रीसेट करा. इथे तो योग्य आहे, म्हणजे तुमचे पासवर्ड पुढच्याकडे जात नाहीत. अ‍ॅडॅप्टर आणि केबल मूळचीच द्या. नेणाऱ्याकडून क्रमांकासह पावती घ्या, निदान डबा हातात धरलेला फोटो तरी. मी पावती न घेता दिला होता. चार महिन्यांनी अनामत वजा करून 'डबा जमा नाही' असा मेसेज आला आणि तो कुठल्या दादांनी नेला हे कुणालाच सांगता येईना.